बंदूक गाडीतून न्यायची, गाडीत ठेवायची नाही

माझ्या नावावर एक दुनळी बंदूक आहे. बारा बोअर (हे नळीच्या तोंडाचं माप), तीस इंची नळ्या, ऑर्डनन्स फॅक्टरीची. मुळात ती नानांची, म्हणजे माझ्या वडिलांची. परवानाधारकाचं वय सत्तर झालं किंवा शस्त्र त्याच्याकडे पंचवीस वर्षं असलं, की वारसाच्या नावाने परवाना मागता येतो, अशी सोय २०१६ च्या शस्त्र नियमांत आहे. नानांनी ती घेतली. भावकीत कुजबुज झाली, पोरीच्या नावावर बंदूक कशाला म्हणून. नाना एवढंच म्हणाले, "ती कुलूप लावायला विसरत नाही," आणि सही करून मोकळे झाले.

नाना आता आमच्याकडे सिंहगड रोडला राहतात. गाव वेल्ह्याच्या बाजूला. तालुक्याचं नाव आता राजगड झालंय, बोलताना आम्ही अजून वेल्हेच म्हणतो. आमचं घर वस्तीतलं शेवटचं, पुढे रानच. भात निसवलं की रानडुकरं उतरतात, अधूनमधून बिबट्याही फिरतो. त्या दिवसांत आम्ही गावी मुक्कामाला जातो आणि बंदूक बरोबर नेतो. जनावरावर ती झाडलेली नाही आणि झाडणारही नाही. १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा आहे, वनखात्याची परवानगी ही वेगळीच गोष्ट आहे. रात्री नाना एकटे पडवीत झोपतात, तेव्हा ती घरात असावी एवढंच. एरवी गावच्या घराला कुलूप असतं. रिकाम्या घरात बंदूक ठेवायची नाही, म्हणून ती पुण्यातल्या लोखंडी कपाटात राहते आणि आमच्याबरोबर गाडीतून जाते-येते.

माझा चुलतभाऊ दर वेळी विचारतो, "ताई, एवढी मजबूत पेटी बसवलीय डिकीत, मग वर-खाली कशाला करतेस? राहू दे की गाडीतच." त्याच्यासारखं विचारणारे बरेच भेटतात. म्हणून सविस्तर लिहिते. माझ्यापुरता नियम असा आहे की परवाना ज्याच्या नावावर तो माणूस गाडीत आहे तोवरच बंदूक गाडीत. मी उतरले की तीही उतरली.

आधी गाडीचं सांगते. आमची वॅगनआर आहे, पेट्रोलवरची. सीएनजी घ्यायचा विचार घरात झाला होता, पैसे वाचले असते. मी नको म्हटलं. सिलिंडर डिकी खाऊन टाकतो, आणि गॅस भरताना सगळ्यांनी खाली उतरून बाजूला उभं राहायचं असतं. पंपावरच्या रांगेत, माणसांच्या गर्दीत, मागे बंदूक असलेल्या गाडीपासून लांब जाऊन उभं राहणं मला पटत नाही.

दुनळीची मोठी सोय म्हणजे ती सुटी होते. नळीखालचं पुढचं लाकूड खटका दाबून काढायचं, वरची कळ अंगठ्याने बाजूला सारून बंदूक मोडायची, की नळ्यांची जोडी वर उचलून हातात येते. उरतो दस्ता आणि चाप-घोड्याचा भाग. जोडलेली बंदूक साधारण सव्वा मीटर भरते; सुटी केली की सगळ्यात लांब तुकडा नळ्यांचा, ७६ सेंटिमीटर. तो हॅचबॅकच्या डिकीत आडवा सहज बसतो. पॉइंट टू-टूच्या, म्हणजे नेमबाजीच्या स्पर्धेतल्या बारीक नळीच्या, मॅच रायफलीला ही सोय नाही. माझी एक विद्यार्थिनी बालेवाडीला पन्नास मीटरच्या रेंजवर सराव करते. १ ऑगस्ट २०२४ ला स्वप्नील कुसाळेने पॅरिसला कांस्य घेतलं, तोही बालेवाडीत सराव केलेला, तेव्हापासून तर ती पोरगी रेंजवरून हलतच नाही. तिच्या रायफलीची लांब केस मागची सीट पाडल्याशिवाय गाडीत जात नाही, आणि सीट पाडली की केस काचेतून दिसते. काचांना काळी फिल्म लावावी तर २०१२ साली सर्वोच्च न्यायालयाने ती बंद केली. ती बोल्ट, म्हणजे गोळी नळीत ढकलणारा मागचा सरकता भाग, काढून वेगळ्या बॅगेत घेते, नळी रिकामी आहे हे दिसावं म्हणून तिच्यातून नारिंगी सेफ्टी दोरी घालते आणि केसवर जुनी सतरंजी टाकते. मुख्य म्हणजे घर ते रेंज, रेंज ते घर, मध्ये कुठे थांबत नाही. तिच्या वयाच्या मुलीला हे सांगावं लागलं नाही याचं मला फार कौतुक आहे.

आमची पेटी नऱ्ह्यातल्या एका फॅब्रिकेशनच्या शेडमध्ये करून घेतली. दीड मिलिमीटरचा पत्रा, बिजागर आतल्या बाजूला, म्हणजे बाहेरून पिन ठोकून काढता येत नाही, आणि दोन कुलुपं. आत जाड फेल्टचे तीन कप्पे, प्रत्येक भागाला एक. चार बोल्टांनी ती डिकीच्या तळाला बसवलीय, खालून पत्र्याची पट्टी देऊन, नाहीतर नुसता तळाचा पत्रा पहारीने उचकटतो. ड्रिल मारायच्या आधी गाडी लिफ्टवर घेऊन खाली पेट्रोलची टाकी, पाइप, वायरिंग कुठे जातंय ते मेकॅनिकने बघितलं. हे केल्याशिवाय भोक पाडू नका. पेटीला गाडीच्या आतल्या गालिच्याचाच रंग दिलाय. वर भाजीच्या पिशव्या आणि नानांची घोंगडी असते. मागच्या काचेवर बंदुकीचं, वाघाचं, शिकारीचं कसलंही स्टिकर नाही. आत काय आहे याची जाहिरात लोक स्वतःच करतात, तीही गाडीच्या मागच्या काचेवर, आणि मला ते बघून खरंच काळजी वाटते.

काडतुसं पेटीत नसतात. ती खडकीच्या दारूगोळा कारखान्याची, 'शक्तिमान' नावाची. १८६९ पासून हा कारखाना पुण्यात आहे, आणि नानांनी दुसरी काडतुसं कधी वापरली नाहीत. लहानशा कुलपी डब्यात ती माझ्या खांद्याच्या बॅगेत असतात. बॅग कायम माझ्याबरोबर. एप्रिल-मेमध्ये उन्हात उभी केलेली गाडी आतून कशी तापते ते पुणेकराला सांगायला नको. तेवढ्या उष्णतेने काडतूस आपोआप उडत नाही, ती भीती खोटी आहे. पण असं रोज तापलं-निवलं की आतली दारू बिघडते, आणि मग चाप ओढल्यावर बार फुसका निघतो किंवा उशिरा होतो. उशिरा होणारा बार फार वाईट, कारण तोवर माणूस नळी मोडून आत बघायला गेलेला असतो.

कायद्याचंही बोलू. शस्त्र कायदा १९५९ चा, आणि त्यातलं कलम ३ सांगतं की परवान्याशिवाय शस्त्र बाळगायचं नाही. त्याला एक अपवाद आहे. परवानाधारक हजर असेल, किंवा त्याने लेखी अधिकार दिला असेल, तर दुसरा माणूस ते नेऊ शकतो. तेही दुरुस्तीला, परवान्याच्या नूतनीकरणाला किंवा धारकाच्याच वापरासाठी. आता विचार करा. मी बंदूक डिकीत ठेवून घरी झोपले आणि नवरा सकाळी तीच गाडी घेऊन स्वारगेटला पाहुण्यांना आणायला गेला. माझ्या नवऱ्याकडे परवाना नाही, माझी चिठ्ठी नाही, आणि स्वारगेटला जाणं हा बंदुकीचा वापर नाही. २०१९ च्या दुरुस्तीनंतर विनापरवाना शस्त्र बाळगण्याची शिक्षा किमान दोन वर्षं आणि कमाल पाच वर्षं आहे. घरातल्या माणसाला नकळत त्या जागी नेऊन उभं करायचं, हे माझ्याच्याने होणार नाही.

आणि गाडीची किल्ली किती हातांतून जाते! पहाटे गाड्या पुसणारा मुलगा, सोसायटीत मागची गाडी काढायची असली की वॉचमन, सर्व्हिसिंगला नेणारा ड्रायव्हर, मंगल कार्यालयाच्या दारात गाडी लावून देणारा व्हॅले. मॉलमध्ये तर रक्षक डिकी उघडायलाच सांगतो. त्याने विचारलं, पेटीत काय आहे, तर खोटं मी बोलणार नाही, आणि खरं सांगितलं की दहा माणसं गोळा होतील. म्हणून बंदूक गाडीत असताना मॉल नाही, हॉटेलची बेसमेंट नाही, किल्ली कुणाच्या हातात नाही.

परवान्याच्या अटींत आणखी एक ओळ आहे, ती बहुतेकांनी वाचलेली नसते. जत्रा, धार्मिक मिरवणूक किंवा सार्वजनिक जमावात शस्त्र न्यायचं नाही, आणि कुठल्याही शिक्षणसंस्थेच्या आवारात न्यायचं नाही. मी कॉलेजात शिकवते. सोमवारी पहाटे गावाहून निघून थेट पहिल्या तासाला पोचणं सोयीचं असतं, सगळे तसंच करतात. मला ते करता येत नाही. डिकीतल्या कुलपी पेटीत असली तरी बंदूक कॉलेजच्या फाटकाच्या आत गेली म्हणजे गेली. म्हणून रविवारी संध्याकाळीच निघायचं, मग खेड शिवापूरच्या टोलनाक्यावर कितीही रांग असो. आई-बापांनो, मुलांना शाळेतून घ्यायला जातानाही हीच अट लागते. पालखी शहरात असते ते दिवस आणि गणपतीचे दिवस मी प्रवास ठेवतच नाही. रस्ता मध्येच बंद झाला आणि गाडी मिरवणुकीच्या गर्दीत अडकली तर काय करणार? शिवाय पोलीस आयुक्तांचा कलम ३७ चा मनाई आदेश लागू असला तर त्यात काय लिहिलंय ते निघण्याआधी बघावं लागतं. महाराष्ट्र पोलीस कायद्याच्या या कलमाखाली शस्त्र घेऊन फिरण्यावरही बंदी घालता येते.

मागच्या वर्षी भाच्याचा साखरपुडा वारज्याच्या एका कार्यालयात होता, आणि आम्ही गावाहून येत होतो. आत्याचा फोन आला, "अगं, हायवेलाच आहे कार्यालय, सरळ इकडेच या. घरी जाऊन परत कशाला येता? मुहूर्त टळेल." मी म्हटलं, "आत्या, बरोबर बंदूक आहे. आधी घरी ठेवते, मग येते." ती चिडली. "गाडीत कुलूप लावून ठेव की, कोण बघतंय?" नानांनी माझ्या हातातून फोन घेतला आणि म्हणाले, "अक्का, तिला थांबवू नकोस. मी सांगितलं तरी ती ऐकायची नाही, आणि ते बरोबरच आहे." आम्ही आनंदनगरला आलो, पेटीतून तिन्ही भाग वर नेले, कपाटात लावले, किल्ली माझ्या गळ्यातल्या साखळीत अडकवली, आणि मग कार्यालयात गेलो. पुडा फुटून गेला होता. आत्या दोन दिवस माझ्याशी धड बोलली नाही. पण लग्नकार्यात आनंदाच्या भरात बार काढणाऱ्यांच्या बातम्या आपण सगळे वाचतो. २०१९ पासून अशा बेपर्वा गोळीबाराला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा लाखापर्यंत दंड आहे, किंवा दोन्ही. तिथे कुणी कुणाच्या तरी कानात सांगायचं, ताईच्या गाडीत दुनळी आहे, आणि कुणी तरी म्हणायचं, आण की एकदा. ती वेळच येऊ नये.

रात्री नाकाबंदी लागते. नसरापूर फाट्यापासून पुढे कुठेही. गाडी बाजूला घ्यायची, आतला दिवा लावायचा, काच खाली करायची, दोन्ही हात स्टिअरिंगवर. पोलीस बोलायच्या आधी आपण बोलायचं: "साहेब, माझ्याकडे परवाना आहे. बंदूक मागे डिकीत, पेटीत, सुटी करून ठेवलीय. काडतुसं माझ्या बॅगेत आहेत." पहिल्यांदा सांगितलं तेव्हा हवालदार जरा दचकले, माझ्याकडे बघितलं, नानांकडे बघितलं. मग परवान्याचं पुस्तक घेतलं, बॅटरीच्या उजेडात नळीवरचा नंबर पुस्तकाशी जुळवला, नळ्यांतून आरपार बघितलं, आणि म्हणाले, "असं ठेवलं तर आमचं काम सोपं होतं, मॅडम." मूळ परवाना कायम बरोबर हवा. फोनमधला फोटो चालेल अशा भरवशावर राहू नका. आणि परवान्यावर क्षेत्र काय लिहिलंय तेही बघा. माझा महाराष्ट्रभर चालतो. पीकसंरक्षणाचा परवाना वेगळा असतो, तो नेमून दिलेल्या भागापुरता. ती बंदूक घेऊन पुण्याला यायचं नाही.

मला सगळ्यात जास्त विचार करायला लावलं ते नवले पुलाच्या उताराने. कात्रजचा नवा बोगदा ओलांडला की तो उतार लागतो आणि तिथे काय होतं ते रोजच्या पेपरात असतं. समजा अपघात झाला, मला रुग्णवाहिकेतून नेलं, आणि गाडी क्रेनने उचलून कुठल्या तरी आवारात नेऊन टाकली. काच फुटलेली, डिकी वाकलेली, आणि आत बंदूक, जिची माहिती कुणालाच नाही. म्हणून परवान्याच्या प्लास्टिकच्या पाकिटात मी मोठ्या अक्षरांत कागद ठेवलाय: या गाडीच्या डिकीतल्या पेटीत परवान्याची बंदूक आहे, कृपया पोलिसांनी ताब्यात घेऊन पावती द्यावी. खाली नवऱ्याचा नंबर. पेटीच्या किल्ल्या त्याच्याकडे देत नाही, पण अशा वेळी ११२ ला फोन करून हे सांगायचं, हे त्याला तोंडपाठ आहे. बंदूक हरवली किंवा चोरीला गेली तर ताबडतोब जवळच्या पोलीस ठाण्यात कळवणं हीही परवान्याचीच अट आहे, आणि त्यासाठी बंदुकीचा नंबर फोनमध्येही आणि घरातल्या वहीतही लिहिलेला असावा.

माझी एक वर्गमैत्रीण अमेरिकेत, कोलोराडो राज्यातल्या डेन्व्हरला असते. तिच्या नवऱ्याच्या ट्रकमध्ये मागे लोखंडी खण बसवलेत, रायफल त्यातच राहते. फोटो बघून आमचा चुलतभाऊ हरखला. पण तिनेच सांगितलं की तिथे अलीकडे चोरीला जाणाऱ्या बंदुकांत सगळ्यात मोठा वाटा गाड्यांमधून जाणाऱ्यांचा आहे. कोलोराडोने तर कायदाच केला: १ जानेवारी २०२५ पासून सोडून गेलेल्या गाडीत पिस्तूल असेल तर ते कुलूपबंद कडक पेटीत हवं, आणि रायफल किंवा शॉटगन असेल तर निदान कुलूप लावलेल्या केसमध्ये. जिथे गाडीत बंदूक ठेवणं नेहमीचं आहे तिथल्या लोकांना ही वेळ आली. पुण्यात लॅपटॉपच्या बॅगेसाठी काच फोडतात. "तुमच्या गाडीचं ऑइल गळतंय" म्हणून उतरवतात आणि दुसऱ्या दाराने हात घालतात. दीड मिलिमीटरचा पत्रा अशा चोराला दहा मिनिटं थांबवेल, सगळी रात्र नाही. आणि माझ्या गाडीतून गेलेला लॅपटॉप हे माझं नुकसान आहे; गेलेली बंदूक कुणाच्या पोटात गोळी घालेल ते मला कधी कळणारही नाही.

पावसाचं थोडक्यात. वेल्ह्याचा पाऊस म्हणजे हवेतच पाणी. गार एसीतून काढलेल्या नळीवर क्षणात दव धरतं, आणि फेल्ट किंवा फोम ते शोषून धातूला चिकटवून ठेवतं. रात्रभर पेटीत राहिली तर सकाळी तांबूस ठिपके. घरी पोचलं की आधी नळीतून कोरडा फडका, मग तेलाचा, मगच हातपाय धुणे. नाना अजून खुर्ची ओढून शेजारी बसतात आणि नळी उजेडाकडे धरून एका डोळ्याने बघतात.

लांबच्या प्रवासाला, म्हणजे कोकणात चार दिवस वगैरे, जाताना बंदूक घरातल्या कपाटातही मला नको वाटते. परवानाधारक डीलरकडे ती जमा करता येते, पावती मिळते. निवडणुकीत पोलीस ठाण्यात जमा करायचा आदेश आला तरी तसंच. २०२४ ला लोकसभा आणि विधानसभा दोन्ही आल्या. ठाण्यातही पेटीसकट गाडी दारात उभी करून आत चौकशीला जाऊ नका. बंदूक कव्हरात घालून बरोबर घेऊन जा.

पेटीची मापं बऱ्याच जणांनी मागितलीत. आमची आतून ८२ सेंटिमीटर लांब, ३० रुंद आणि १४ उंच आहे, तीस इंची नळ्यांसाठी. तुमची अठ्ठावीस इंची असेल तर लांबी ७७ ला आणता येईल, पण पत्रा कापायच्या आधी नळ्या काढून टेपने स्वतः मोजा, कारण मागच्या टोकाला थोडं वाढीव असतं. फेल्ट दर पावसाळ्याआधी बदलावं लागतं, म्हणून ते गोंदाने न चिकटवता बटनांनी लावून घ्या.